आनंदाची घरची किल्ली

मी रोज पहाटे जुहूच्या चौपाटीवर फिरायला जातो. गुडघ्यांचे दुखणे जुने. डॉक्टर चाला म्हणाले, म्हणून चालतो. गेल्या हिवाळ्यात माझा भाचा अधूनमधून बरोबर येऊ लागला. कॉलेजात शिकणारा मुलगा. त्याच्या कपड्यांना येणारा वास मी ओळखला होता, पण विषय काढावा कसा, हे सुचत नव्हते. शेवटी तोच म्हणाला, "मामू, तुम्ही उगाच घाबरता. गांजासारखा पदार्थ आपल्या शरीरातच तयार होतो. शास्त्रज्ञांनीच सांगितलंय."

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. त्याला उत्तर द्यायचे तर आधी समजून घेणे भाग होते. वाचायला बसलो, तर मुलगा अर्धा बरोबर निघाला!

१९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी चरसातले नशा आणणारे द्रव्य, टीएचसी, वेगळे केले. १९८८ मध्ये अमेरिकेत हे द्रव्य जिथे जाऊन बसते ते मेंदूतले कुलूप सापडले. मग प्रश्न पडला : एका झाडाच्या किल्लीसाठी शरीर कुलूप कशाला घडवील? घरची किल्ली असणारच. ती १९९२ मध्ये जेरुसलेमला मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत मिळाली. तिचे नाव ठेवले आनंदामाइड. होय, आपल्या 'आनंद' या शब्दावरूनच! १९९५ मध्ये टू-एजी ही दुसरी किल्लीही हाती आली.

या किल्ल्यांचे काम मोठे शहाणपणाचे आहे. एक चेतापेशी दुसरीला निरोप धाडते. निरोपांचा मारा वाढला की ऐकणारी पेशी आपल्याच आवरणातल्या स्निग्ध पदार्थापासून हे रेणू तयार करते आणि उलट दिशेने पाठवते. जणू म्हणते, 'पुरे, जरा हळू.' काम झाले की विकरे त्यांचे लगेच तुकडे करतात. भूक, वेदना, झोप, भीती या सगळ्यांचा तोल राखायला ही व्यवस्था हातभार लावते.

मुलाचे चुकत होते ते इथे. घरची किल्ली हवी तिथे, हवी तेवढीच फिरते. गांजाची किल्ली एकाच वेळी साऱ्या कुलपांत शिरते आणि तासन्‌तास निघत नाही. रोजच्या नशेने मेंदू कुलपेच कमी करतो. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते, म्हणून तरुणांना धोका अधिक. आणि कुलूप बंद करणेही बरे नाही. भूक कमी करण्यासाठी तसे करणारे रिमोनाबँट हे औषध युरोपात २००६ मध्ये आले. नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांच्या धोक्यामुळे २००८ मध्ये त्याची विक्री थांबवावी लागली.

हे सारे मी भाच्याला वाळूत बसून सांगितले. धावल्यावर रक्तातले आनंदामाइड वाढते, हेही सांगितले. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "मामू, रोज ओढत नाही मी. पण सोडणं वाटतं तितकं सोपं नाही." इतके खरे तो पहिल्यांदाच बोलला. मी रागावलो नाही. डॉक्टरांकडे जाऊ, मी बरोबर येतो, एवढेच म्हणालो.

त्याने सोडले का, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो. आणि परवाच्या रविवारी तो वर्सोव्याच्या दिशेने धावत सुटला. मी आपला गुडघे सांभाळत मागून चालत राहिलो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)