एकाने काठावर थांबावं

बुलढाणा जिल्ह्यातून कोकणात जाणाऱ्या कुटुंबांना सिंधुदुर्ग किल्ल्याची ओढ असते. जिजाऊ सिंदखेडराजाच्या, आणि त्यांच्या लेकाने १६६४ साली मालवणसमोरच्या कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. आता मात्र किल्ला बघून कुणाचं समाधान होत नाही. स्कूबा केल्याशिवाय मुलं मालवणजवळचं तारकर्ली सोडायला तयार नसतात.

शेगावला रामनवमीच्या गर्दीत जो माणूस एक हात खिशावर ठेवून चालतो, तोच मालवणच्या वाळूवर पाय ठेवला की निर्धास्त होतो. त्यातून स्कूबाला जाताना अंगावर काही ठेवताच येत नाही. पाकीट, मोबाइल, घड्याळ, गाडीची किल्ली, सगळं एका पिशवीत जातं आणि ती पिशवी होडीच्या कोपऱ्यात किंवा चपलांच्या ढिगाशेजारी पडते. प्रत्यक्ष पाण्याखाली जाणं थोड्याच मिनिटांचं असतं. पण होडीने जाणं, सूट चढवणं, पाळीची वाट पाहणं धरलं तर दोन तास सहज निघून जातात, आणि तेवढा वेळ त्या पिशवीला कुणी वाली नसतो.

म्हणून पाण्यात कोण उतरणार यापेक्षा कोण उतरणार नाही, हे आधी ठरवावं, आणि तेही घरून निघताना. किनाऱ्यावर गेल्यावर विषय निघाला की तो हमखास आजीच्या गळ्यात पडतो. दहा जणांचं सामान घेऊन तिने उन्हात बसायचं, हे बरं नाही. निम्म्यांनी पहिल्या फेरीत जावं, निम्म्यांनी दुसऱ्या. काठावर थांबणाऱ्याकडे फक्त सामान नसावं. होडीत कोण कोण गेलं, होडीवाल्याचा नंबर काय, हेही त्याच्याकडे असावं. सामान राखणारा माणूस अडचणीच्या वेळी माणसंही राखतो.

सोन्याचं तर स्पष्टच सांगायला हवं. नवी जोडपी लग्नातले दागिने घालूनच फिरायला निघतात. मास्कचा पट्टा आणि हवेच्या नळ्या गळ्याशी असतात, त्यात मंगळसूत्र अडकतं. गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी निसटते. मग संशय येतो तो होडीवरच्या पोरांवर, ज्यांचं पोट याच पर्यटकांवर आहे. काळ्या मण्यांची साधी पोत पुरेशी आहे. बाकीचं सोनं कपाटात किंवा लॉकरमध्येच बरं.

गाडीची किल्ली टायरवर ठेवून जाणारे अजूनही दिसतात. ही जागा चोराला सगळ्यात आधी सुचते.

चोरीची अलीकडची एक नवी वाट म्हणजे व्हिडिओ. पाण्याखालचं चित्रण पर्यटकाच्या मोबाइलमध्ये टाकून देतात, त्यासाठी तो उघडा मोबाइल परक्याच्या हातात जातो आणि मालक अंघोळीला जातो. त्याच मोबाइलमध्ये बँक असते, आधार असतं, सगळे ओटीपी येतात. चित्रण पेन ड्राइव्हवर घ्यावं, नाहीतर संपेपर्यंत शेजारी उभं राहावं.

काही चोऱ्या तर घर सोडण्याआधीच होतात. खोट्या रिसॉर्टचे सुंदर फोटो, सुटीच्या दिवसांत निम्मं भाडं, आगाऊ पैसे, आणि मग बंद फोन. पैसे पाठवण्याआधी नकाशावरून किंवा शेजारच्या दुकानातून त्या जागेची खातरजमा करावी. पैसे गेलेच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी रोखले गेले, तरच ते हाती लागण्याची आशा असते.

स्वस्त सौद्याचा धोका पैशापुरता थांबत नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी २० पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. पैसे देण्याआधी परवाना दाखवा म्हणावं, पावती मागावी, लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर चढेपर्यंत होडी हलू देऊ नये. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. तेव्हा कुणी गुपचूप नेतो म्हणाला तर तिथूनच माघारी फिरावं. तारकर्लीलाच एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे चौकशी करता येते.

परतीच्या रेल्वे प्रवासात थकवा असतो आणि मलकापूर, शेगाव रात्री-अपरात्री येतं. खालच्या बर्थखाली साखळी अडकवायला कड्या असतात, त्या वापराव्यात. बुक न केलेलं सामान चोरीला गेलं, तर निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय रेल्वेवर जबाबदारी येत नाही. तक्रारीसाठी मात्र प्रवास मोडावा लागत नाही: १३९ वर फोन करता येतो, टीटीईकडे फॉर्म भरून देता येतो.

आणि मालवणात झालेल्या चोरीची तक्रार मालवणातच द्यावी लागेल, या समजुतीने अनेक जण गप्प बसतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 'झिरो एफआयआर'ची सोय आहे. दखलपात्र गुन्हा असेल तर तो कुठे घडला हे न पाहता चिखली किंवा खामगावच्या ठाण्यातही फिर्याद देता येते. पुढे ती मालवणकडे जाते. ऑनलाइन तक्रार केली तर ३ दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्यावी. मोबाइल गेला असेल तर सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर आयएमईआय क्रमांक देऊन तो बंद करता येतो. हा पंधरा आकडी क्रमांक मोबाइलच्या खोक्यावर छापलेला असतो. निघण्याआधी तो घरी वहीत लिहून ठेवावा.