सेव्ह करण्याआधी प्रश्नचिन्ह

रत्नागिरीहून बोलतोय. मागे पावसाचा आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या. आजचा विषय, एडिटरमधली सेटिंग्ज बघायची कशी आणि बदलायची कशी. 'बघायची' आधी, हे मुद्दाम म्हणतोय.

परवा एका जाखडी मंडळातला पोरगा लॅपटॉप घेऊन आला. मंडळाची सगळी गाणी, जुन्या शाहिरांची धरून, एकाच टेक्स्ट फाइलमध्ये. विममध्ये उघडली तर मराठी गायब! एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन चिन्हं. त्याला नेटवर सल्ला मिळालेला: फाइलएन्कोडिंग यूटीएफ-८ कर आणि सेव्ह मार. म्हटलं, थांब बाबा, सेव्ह करू नको.

आधी विचारायचं. कोलन, सेट, स्पेस, फाइलएन्कोडिंग आणि त्याला चिकटून प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह असलं की विम फक्त सांगतो, बदलत काही नाही. उत्तर आलं, लॅटिन-१.

आता हे आलं कुठून? विममध्ये दोन सेटिंग्ज आहेत, नावात फरक फक्त शेवटच्या 'एस'चा. अनेकवचनी फाइलएन्कोडिंग्ज म्हणजे वाचताना कोणती एन्कोडिंग्ज कोणत्या क्रमाने लावून बघायची, ती यादी. त्यात सहसा यूटीएफ-८ आधी, लॅटिन-१ शेवटी. फाइलमध्ये एक जरी बाइट तुटका निघाला तर यूटीएफ-८ बाद, आणि लॅटिन-१ कशालाच नाही म्हणत नाही. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा यूटीएफ-८मध्ये ३ बाइटची. लॅटिन-१ला ती तीन वेगळी अक्षरं वाटतात. म्हणून तो कचरा.

एकवचनी फाइलएन्कोडिंग मात्र सांगतं की ही फाइल *लिहायची* कशी. ते यूटीएफ-८ करून सेव्ह केलं असतं, तर तो कचराच यूटीएफ-८मध्ये पक्का झाला असता. डोळ्यांपुढचा घोळ डिस्कवर गेला असता. आणि दुसरी कॉपी? नव्हतीच.

तर आम्ही आधी कॉपी काढली. मग फाइलच्या अगदी वर जाऊन नॉर्मल मोडमध्ये आठ, जी, आठ. ही कमांड बिघडलेल्या बाइटवर नेऊन सोडते. (एवढी कामाची गोष्ट, आणि नाव असं की फोन नंबर वाटावा.) एका गाण्याच्या शेवटी अर्धवट अक्षराचे दोन बाइट सापडले. ते एक्स दाबून उडवले. सेटिंगला हात न लावता सेव्ह. लॅटिन-१मध्ये प्रत्येक बाइट होता तसाच परत लिहिला जातो, म्हणून हे चालतं. मग कोलन ई, एंटर, आणि फाइल पुन्हा वाचली. गणपतीपासून शेवटच्या गाण्यापर्यंत सगळं मराठीत.

ईमॅक्सवाले रुसतील, म्हणून तुमचंही सांगतो. व्हॅल्यू बघायला कंट्रोल-एच, मग व्ही, आणि व्हेरिएबलचं नाव. एन्कोडिंगसाठी कंट्रोल-एक्स, एंटर, आर म्हणजे 'या एन्कोडिंगने परत वाच'. आरच्या जागी एफ दाबलंत तर 'पुढे या एन्कोडिंगने लिही'. बोटं जपून ठेवा.

चला, भेटू पुढच्या भागात.