हरवलेला खेळ

खेळांविषयी बोलावयाचे म्हणजे बहुधा विक्रम, ढाली आणि पदके यांविषयी बोलावे लागते. आज मी त्यांतले काहीच सांगणार नाही. माझा हरवलेला खेळ परक्या मुलखात मला कसा सापडला, एवढेच सांगावयाचे आहे.

मी पुण्याची. खो-खोचे नियम १९१४ साली जेथे लिहिले गेले, त्या डेक्कन जिमखान्याच्या आसपासच मी आठ वर्षे खेळले. प्रथम तो खेळ होता; मग त्याचा सराव झाला, आणि सरावाची हळूहळू भीती झाली. एका अंतिम सामन्यात पाठलाग करताना मी मध्येच मागे वळले. पंचांची शिटी वाजली, हाती आलेला गडी निसटला आणि आम्ही एका गुणाने हरलो. मला कोणी रागावले नाही. पण परतीच्या वाटेवर कोणी बोललेही नाही. त्यानंतर पंधरा वर्षे मी मैदानाकडे फिरकले नाही.

२०१९ साली मी तीन महिन्यांसाठी केनियातील नैरोबी शहरी, मथारे नावाच्या दाट वस्तीत, मुलांना शिकविण्यास स्वयंसेविका म्हणून गेले. तेथे पोरांना फुटबॉलचे भारी वेड. १९८७ साली सुरू झालेली 'मथारे यूथ स्पोर्ट्स असोसिएशन' ही संस्था तर सामना जिंकण्याबरोबर वस्तीतील कचरा उचलण्याचेही गुण संघांना देत आली आहे. आमच्या मुलांपाशी मात्र चिंध्यांवर सुतळी गुंडाळून केलेला एकच चेंडू होता, आणि एका दुपारी तोही नाल्यात गेला.

सगळी तोंडे माझ्याकडे वळली. चेंडूवाचून खेळावयाचा असा एकच खेळ मला येत होता! मी तांबड्या मातीत काठीने रेघा ओढल्या, आठ मुलांना आलटूनपालटून तोंडे करून बसविले आणि दोन उंच मुलांना खांब केले. 'खो' या शब्दाला भाषांतर लागलेच नाही.

थोड्याच वेळात एक दहा वर्षांची मुलगी पाठलाग करता करता मध्येच मागे वळली. अगदी माझीच चूक! माझा श्वास क्षणभर अडकला. पण मुले खदखदून हसली. खांब झालेला मुलगा तर जागा सोडून तिच्यामागे पळत सुटला. ती मुलगी स्वतःही हसत होती. मग एकच गिल्ला झाला : "तेना! तेना!" स्वाहिलीत याचा अर्थ 'पुन्हा'.

त्यांनी मलाही ओढले. नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे. दोन फेऱ्यांतच मला धाप लागली. तरी दिवस मावळेपर्यंत मी खेळले.

नियम नकोत, असे माझे म्हणणे नाही. दुसऱ्या दिवशी मीच ते त्या मुलांना नीट शिकविले. पण चुकलेल्याला पुन्हा डावात घेणारे सोबती नियमांइतकेच आवश्यक असतात. तेव्हा, आज संध्याकाळी आपले मूल हरून घरी आले, तर गुण किती झाले हे मागाहून विचारावे. आधी विचारावे : "पुन्हा केव्हा खेळणार?"