वऱ्हाडातील विधी शिक्षण : पदवी आणि पुढील वाटा

(विधी शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर अमरावती येथे दिलेले भाषण)



अकोल्या-अमरावतीत राहून कायदा शिकलो तर पुढे काय, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. त्याचे उत्तर याच मातीत आहे. १८८४ साली कायद्याचे पदवीधर झालेले दादासाहेब खापर्डे यांनी अमरावतीतच वकिलीत नाव कमावले. अमरावतीत जन्मलेले आणि येथील विद्यापीठाचे विधी पदवीधर भूषण गवई १९८५ साली वकिलीत आले व १४ मे २०२५ रोजी देशाचे सरन्यायाधीश झाले. मधली चाळीस वर्षांची साधना मात्र विसरू नका.

बारावीनंतर पाच किंवा पदवीनंतर तीन वर्षांचे शिक्षण. मग सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. पुढे वकिली आहे, सरकारी अभियोक्त्याचे पद आहे, बँकांतील विधी अधिकाऱ्याची नोकरी आहे. न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी पुन्हा लागू केली. त्या खंडपीठाचे प्रमुख गवईच होते. निवाडा करणाऱ्याने आधी पक्षकाराचे दुःख जवळून पाहिलेले असावे, हे उचितच होय.

म्हणून तालुका न्यायालयाला कमी लेखू नका. सातबारा, फेरफार, वाटणीपत्र यांचे मर्म तेथेच उमगते. कागदांची पिशवी घेऊन पायरीवर बसलेल्या शेतकऱ्याला त्याचा हक्क त्याच्याच भाषेत समजावून सांगणारा वकील हवा आहे. तो तुमच्यातून घडावा, हीच सदिच्छा!