माहितीचे वाटप आणि माहितीचा हिशेब

(बीड येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पोलीस आणि गुप्तचर यंत्रणांनी आपापसांत माहितीची देवाणघेवाण कशी करावी, हा विषय आपल्या बैठकीत यावा ह्याचे काहींना नवल वाटले असेल. ऊसतोड कामगारांची मजुरी, पीकविमा, पिण्याचे पाणी हे आपले नेहमीचे विषय. गुप्तचर खात्याकडे पाहण्याची समाजवादी चळवळीची एक रूढ दृष्टी आहे. आणीबाणीत ह्याच खात्यांच्या याद्यांवरून आपली माणसे 'मिसा'खाली तुरुंगात गेली, तेव्हा ही खाती जितकी दुबळी राहतील तितके बरे, असे आपण मनात धरून चालतो. ही दृष्टी अनुभवातून आलेली आहे. पण ती अपुरी आहे. यंत्रणा दुबळी राहिली तर तिची किंमत सत्ताधाऱ्यांना मोजावी लागत नाही, रेल्वे फलाटावर उभ्या असलेल्या सामान्य माणसाला मोजावी लागते. आणि यंत्रणा बेजबाबदार राहिली तरीही किंमत त्याच माणसाला मोजावी लागते. ह्या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार करावा, एवढ्यासाठी मी उभा आहे.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. मे २००६मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने चांदवड-मनमाड रस्त्यावर दोन मोटारींचा पाठलाग केला. टाटा सुमो हाती लागली. तीत ३० किलो आरडीएक्स, १० एके-४७ रायफली आणि ३२०० काडतुसे सापडली. पुढच्या छाप्यांत हा साठा ४३ किलो आरडीएक्स, १६ रायफली आणि ५० हातबॉम्ब इथवर गेला. दुसरी मोटार, इंडिका, मात्र निसटली. ती चालवणारा झबिउद्दीन अन्सारी हा गेवराईचा, बीडच्या आयटीआयमध्ये शिकलेला तरुण. नाव माहीत, गाव माहीत, गुन्हा माहीत; तरीही तो बांगलादेशमार्गे पाकिस्तानात पोचला. २६ नोव्हेंबर २००८ला मुंबईवर हल्ला झाला, १६६ माणसे मेली, आणि हल्लेखोरांना कराचीतून सूचना देणाऱ्यांत हाच माणूस होता असा सरकारचा आरोप आहे. शस्त्रसाठ्याच्या खटल्यात २०१६ साली विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले आणि त्याच्यासह सात जणांना जन्मठेप दिली. मुंबई हल्ल्याचा त्याच्यावरील खटला हा वेगळा विषय आहे.

एका राज्याच्या पथकाला हवा असलेला माणूस दुसऱ्या राज्यातून सीमा पार करून जातो, ही घटना योगायोगाची नाही. मुंबई हल्ल्यानंतर राज्य सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन ह्यांची समिती नेमली. तिच्या निष्कर्षाचा मथितार्थ असा की धोक्याच्या सूचना आल्याच नव्हत्या असे नाही. त्या अनेक होत्या, पण वेगवेगळ्या वाटांनी आल्या, त्यांची एकत्र छाननी झाली नाही आणि त्यांवर कारवाई कोणी करायची हे ठरलेले नव्हते. कारगिलनंतरच्या फेरविचारातून २००१ साली केंद्रात गुप्तवार्ता विभागाच्या अखत्यारीत 'मल्टी एजन्सी सेंटर' स्थापन झाले होते. सगळ्या यंत्रणांची माहिती एका टेबलावर यावी, हाच त्याचा हेतू होता. म्हणजे टेबल सात वर्षे आधीपासून होते. त्यावर कागद ठेवण्याचे बंधन मात्र ३१ डिसेंबर २००८च्या आदेशाने आले.

असे का होते? मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून त्या शास्त्राच्या भाषेत सांगतो. ज्वारीचे पोते वाटले की देणाऱ्याचे कमी होते. माहितीचे तसे नाही. ती दुसऱ्याला दिली तरी आपल्याकडे तेवढीच उरते. तेव्हा ती सर्वांत सहज वाटली जायला हवी. प्रत्यक्षात ती सर्वांत जास्त दडवली जाते, कारण खात्यांच्या बाजारात किंमत माहितीला नसून श्रेयाला आहे, आणि श्रेय वाटले की कमी होते. बढती, पदक, वर्तमानपत्रातील छायाचित्र हे आरोपी पकडणाऱ्याला मिळते. ज्याने वेळेवर चिठ्ठी पाठवली त्याला काही मिळत नाही. उलट ती चिठ्ठी चुकीची ठरली तर जाब मात्र त्याला विचारला जातो. अशा हिशेबात शहाणा अधिकारी एक तर गप्प बसतो, किंवा अंगाशी येऊ नये म्हणून इतक्या मोघम सूचना सगळीकडे धाडतो की त्यांतली खरी कोणती हे कोणालाच कळू नये. 'सतर्क राहा' एवढे सांगणारे पत्र हे सूचना देणाऱ्याचे संरक्षण करते, जनतेचे नव्हे.

ह्याचे प्रत्यंतर पुन्हा अन्सारीच्याच प्रकरणात आले. जून २०१२मध्ये सौदी अरेबियातून आणल्यावर तो दिल्ली पोलिसांच्या ताब्यात गेला. महाराष्ट्राच्या पथकाला आणि राष्ट्रीय तपास यंत्रणेलाही तो हवा होता. ज्या राज्यात गुन्हे घडले त्या महाराष्ट्राला ताबा मिळायला महिना लागला. पुढे मुंबईच्या खटल्यात त्याच्या प्रवासाची कागदपत्रे बचावपक्षाला द्यायची की नाही, ह्यावरून २०१८ साली खटलाच थांबला. तो अडसर उच्च न्यायालयाने दूर केला तो नोव्हेंबर २०२५मध्ये. त्या हल्ल्यात मेलेल्यांच्या नातेवाइकांनी ही सात वर्षे कोणाच्या खात्यावर मांडावीत?

अमेरिकेतही वेगळे घडलेले नाही. २००१च्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने २००४ साली दाखवून दिले की सीआयएकडे असलेली माहिती एफबीआयकडे वेळेवर पोचली नव्हती. तेव्हा हा दोष भारतीय स्वभावाचा नसून नोकरशाहीच्या रचनेचा आहे, आणि रचना बदलता येते.

आता नाण्याची दुसरी बाजू. माहिती वाटली जाते तेव्हा चूकही वाटली जाते. ८ सप्टेंबर २००६ला मालेगावात कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिम तरुणांना अटक केली. तपास पुढे सीबीआयकडे गेला, तरी तीच माणसे आरोपी राहिली. २०११ साली राष्ट्रीय तपास यंत्रणा वेगळ्याच निष्कर्षाला आली, तेव्हा त्यांना जामीन मिळाला, आणि एप्रिल २०१६मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. दोन यंत्रणांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे ती दुप्पट खरी ठरते असे आपल्याला वाटते. पण दुसरी यंत्रणा पहिलीचीच फाइल पुढे चालवत असेल, तर ती साक्ष नव्हे, नक्कल आहे. उद्या हीच नक्कल संगणकावर क्षणात देशभर जाणार असेल, तर ती दुरुस्त करण्याची वाट आधी बांधली पाहिजे. एका तरुणाच्या कृत्यामुळे गेवराईच्या, बीडच्या प्रत्येक मुस्लिम मुलाच्या नावापुढे एखाद्या नोंदवहीत खूण पडली, तर ती खूण पुसण्यासाठी त्याने कोणाच्या दारात जायचे, ह्याचे उत्तर आज कोणत्याही कायद्यात नाही.

मुंबई हल्ल्यानंतर उभ्या राहिलेल्या योजनांकडे ह्या कसोटीवर पाहा. पोलीस ठाणी संगणकाने जोडण्याची सीसीटीएनएस योजना २००९ची. बँक, रेल्वे, विमान, दूरध्वनी अशा ठिकाणच्या नोंदी तपास यंत्रणांना एका जागी पाहता याव्यात म्हणून 'नॅटग्रिड'. त्याला संसदेच्या स्वतंत्र कायद्याचा आधार नाही. २०११ साली त्याला माहिती अधिकार कायद्यातून मात्र वगळण्यात आले. फेब्रुवारी २०१२मध्ये राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राचा आदेश निघाला. गुप्तवार्ता विभागाच्या हाताखालील ह्या केंद्राला अटकेचाही अधिकार द्यायचा होता. अनेक मुख्यमंत्र्यांनी विरोध केला आणि योजना मागे पडली. तो विरोध राज्यांच्या अधिकारासाठी होता, आणि तो योग्यच होता. पण नागरिकाच्या अधिकाराचा प्रश्न त्या वादात बाजूला राहिला.

मुळात गुप्तवार्ता विभाग १८८७ सालचा, आणि 'रॉ' १९६८ची. ह्या दोन्ही संस्थांचे अधिकार व मर्यादा ठरवणारा परिपूर्ण कायदा संसदेने आजवर केलेला नाही. आणीबाणीनंतर जनता सरकारने एल. पी. सिंग समिती नेमली. तिचे काम कागदावरच राहिले. २०११ साली मनीष तिवारी ह्यांनी खाजगी विधेयक मांडले, तेही पुढे सरकले नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी चोरून ऐकण्याला बंधने घातली. पण आदेश काढणारे सचिव, आणि तो योग्य की अयोग्य हे तपासणाऱ्या राज्याच्या समितीत बसणारेही मुख्य सचिव व इतर सचिवच. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मात्र सरकारला आपल्या कोणत्याही यंत्रणेस अधिसूचनेद्वारे त्यातून सूट देण्याची मुभा ठेवली.

माहितीच्या सुरक्षिततेचा अर्थही नीट समजून घेतला पाहिजे. सरकार हा शब्द वापरते तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे शत्रूराष्ट्राचा हेर असतो. पण २०१८ साली ठाणे पोलिसांनी उघडकीस आणलेल्या टोळीत लोकांच्या मोबाइलच्या कॉल नोंदी बेकायदा मिळवून विकल्या जात होत्या, आणि त्यात खाजगी गुप्तहेर पकडले गेले. जितके हात जास्त, तितक्या गळतीच्या जागा जास्त. म्हणून कोणती नोंद कोणी, केव्हा आणि कोणत्या गुन्ह्याच्या तपासासाठी उघडली ह्याची न पुसता येणारी नोंद ठेवणे, हा सुरक्षेचा पाया आहे. कुलपाला जितके महत्त्व, तितकेच किल्ली कोणाकोणाच्या हातून फिरली ह्या वहीला.

आता शेवटी पुन्हा बीड. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी दिवसा माजलगावात आमदारांच्या घराला आग लावली गेली, आणि त्याच संध्याकाळी बीड शहरात जाळपोळ झाली. दोन्ही गावांत तासाभराचे अंतर. इथे कोणत्याही उपग्रहाची गरज नव्हती. माजलगावचा धूर पुरेसा होता. ६ डिसेंबर २०२४ला केज तालुक्यात पवनचक्की प्रकल्पाच्या आवारात मारहाण झाली. त्याची तक्रार पोलिसांकडे गेली होती. तीन दिवसांनी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख ह्यांचे अपहरण आणि खून झाला. खटला न्यायालयात आहे, म्हणून दोष कोणाचा ह्याविषयी मी बोलणार नाही. पण ठाण्यात आलेली खबर ठाण्यातच का थिजते, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. ह्याच जिल्ह्यात हजारावर शस्त्रपरवाने दिले गेले होते. ज्याच्यावर गुन्हे दाखल आहेत त्यालाच परवाना, अशी प्रकरणे निघाली. परवान्याची फाइल आणि गुन्ह्याची फाइल एकमेकींना भेटू नयेत, ह्यात कोणाचे हित होते? २०२५ साली जिल्हा पोलिसांच्या नावपट्टीवरून आडनाव काढण्यात आले. जात पाहून खबर दिली किंवा दाबली जाते, ह्याची ही सरकारी कबुलीच आहे. माहिती अडते ती तारांच्या अभावी नव्हे. जात, पैसा आणि पुढारी ह्यांच्या दारात अडते. दिल्लीत कितीही मोठे केंद्र उभारले तरी केजच्या ठाण्यातली दबलेली खबर तिथे पोचणार नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांतली एखादी बाई बेपत्ता झाली, एखाद्या कुटुंबाला मुकादमाने उचलीपोटी डांबून ठेवले, की नातेवाईक दोन जिल्ह्यांच्या ठाण्यांत खेटे घालतात. प्रत्येक ठाणे दुसऱ्याच्या हद्दीकडे बोट दाखवते. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवण्याची सोय २०२४च्या जुलैपासून लागू झालेल्या संहितेत आहे. संशयितासाठी देशभराचे जाळे विणणाऱ्या राज्ययंत्रणेला हरवलेल्या मजुरासाठी दोन ठाणी जोडता येत नसतील, तर ते जाळे कोणासाठी विणले जात आहे हे उघड आहे.

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात. गुप्तचर यंत्रणांचे अधिकार ठरवणारा संसदेचा कायदा व्हावा, आणि त्यांच्या कामावर विरोधी पक्षांसह संसदेच्या समितीची देखरेख असावी. माहिती दिली नाही तर तिच्या परिणामांची जबाबदारी ठरावी, आणि दिली तर त्याची दखल सेवापुस्तकात घेतली जावी. आरोपमुक्त झालेल्या नागरिकाला आपल्यावरील नोंद सर्व यंत्रणांतून काढून घेण्याचा हक्क मिळावा. दूरध्वनी ऐकण्याच्या आदेशांची संख्या दरवर्षी विधिमंडळापुढे यावी, आणि तपासणी समितीत न्यायाधीश असावा.

ह्या मागण्या विधिमंडळाच्या आहेत. आपले काम ठाण्यापासून सुरू होते. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी ह्या हंगामात निघणाऱ्या टोळ्यांची, मुकादमांच्या नावांसह, नोंद ठेवावी. धमकीची किंवा मारहाणीची तक्रार आली की तिची पोच घ्यावी आणि ती पोच अधीक्षक कार्यालयापर्यंत लेखी पोचवावी. 'आम्हाला कोणी कळवलेच नाही' असे म्हणण्याची सोय ह्या जिल्ह्यात कोणत्याही अधिकाऱ्याला उरू देऊ नका.