पियानोच्या हातोडीचें मार्दव

पियानो सुरांत लावणें हें एक काम, आणि त्याच्या आवाजाला मार्दव आणणें हें निराळेंच काम. यूरोप-अमेरिकेंतील घरांतून पियानो लावणाऱ्या कारागिराला बोलावणें येतें, तें बहुधा वाद्य बेसूर झाल्याचें सांगून. तो येऊन पाहतो, तों तारा सुरांतच असतात. यजमानाच्या कानाला टोंचतो तो आवाजाचा कर्कशपणा. तंबोरा जुळलेला असूनही जवारी बिघडली म्हणजे काय होतें, हें श्रोत्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. तसाच हा प्रकार.

याचें मूळ तारांवर आघात करणाऱ्या हातोड्यांत असतें. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथें क्रिस्तोफोरीनें हें वाद्य घडविलें, तेव्हां हातोडीवर चामडें असे. लोंकरीचें फेल्ट पॅरिसच्या पापे या कारागिरानें १८२६ सालीं आणलें. हें फेल्ट लांकडी गाभ्यावर जबरदस्त दाबानें ताणून बसवितात. वर्षानुवर्षें आपटून तें दडपतें, त्यावर तारांच्या खांचा पडतात, आणि आवाज पत्र्यासारखा होतो.

उपाय दिसावयास सोपा. काचकागदानें घांसून खांचा घालवावयाच्या, मग मुठींत बसविलेल्या दोन-तीन सुया फेल्टाच्या दोन्ही खांद्यांत खोल टोंचावयाच्या. तारेला भिडणाऱ्या माथ्याला मात्र शक्यतों हात लावावयाचा नाहीं. खांदे सैल झाले कीं तो आपोआप लवचिक होतो. हातोड्या ८८, आणि प्रत्येकीनंतर ऐकावें लागतें. टोंचणी अधिक झाली, तर फेल्टांतील जीवच जातो. लॅकर पाजून तें पुन्हां कडक करतां येतें, पण ती मलमपट्टी झाली.

म्हणूनच चोखंदळ गिऱ्हाइकाचें भय. आज त्याला आवाज ‘काचेसारखा’ वाटतो, उद्यां तोच ‘मेलेला’. जाणता कारागीर वाद घालीत नाहीं, आणि सुईही लगेच काढीत नाहीं. खोलींतील गालिचा किंवा पडदे काढले आहेत काय, हें तो आधीं पाहतो. उघड्या भिंतींत सौम्य पियानोही कर्कश वाटतो. मग यजमानालाच वाजवावयास बसवून, बोंचणाऱ्या सुरावर बोट ठेवावयास सांगतो. थोडेंसें मऊ करून निघून जातो, कांहीं दिवसांनीं पुन्हां येतो. गिऱ्हाइकाला हा आळस वाटतो. वाद्य मात्र वांचतें.

कॅनडाचा वादक ग्लेन गूल्ड या बाबतींत सर्वांत हट्टी. त्याला पियानोंत हार्पसिकॉर्डचा स्पष्टपणा हवा असे, आणि जवळजवळ अंध असलेल्या व्हर्न एडक्विस्टनें त्याचें वाद्य पुष्कळ वर्षें सांभाळलें. १९६४ सालीं बाखच्या ‘इन्व्हेन्शन्स’चें ध्वनिमुद्रण चाललें असतां, चाल हलकी करण्याच्या खटाटोपांत पियानोला उचकी लागली, मधल्या सप्तकांत हातोडी तारेवर एकाऐवजीं दोनदां पडूं लागली. दोष फेल्टाचा नव्हता, चालीचा होता. गूल्डनें तो काढवून घेतला नाहीं. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर श्रोत्यांस त्याचें कारण सांगितलें, आणि उचकी तशीच राहूं दिली.