तारुण्यातील संयम आणि उतारवयातील आरोग्य

(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



मंदिराचा जीर्णोद्धार झाला की सर्वांची दृष्टी प्रथम कळसाकडे जाते. परंतु कळसाचा भार पेलणारा पाया जमिनीत असतो. मनुष्यदेहाचेही तसेच आहे. साठीतले आरोग्य हा कळस. त्याचा पाया बाळपणी व तरुणपणी भरला जातो. त्या पायातील एक मोठा चिरा म्हणजे संयम.

संयम ही केवळ कीर्तनात ऐकण्याची गोष्ट नव्हे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ मुलांची पाहणी संशोधक बाळपणापासून करीत आले. कोणते मूल आपली पाळी येईपर्यंत थांबते, कोणते काम तडीस नेते, कोणते क्षुल्लक कारणाने चिडते, याची नोंद तिसऱ्या ते अकराव्या वर्षापर्यंत झाली. बाळपणी ज्यांचा संयम कमी, त्यांच्यात ३२व्या वर्षी प्रकृतीच्या तक्रारी व व्यसने अधिक आढळली, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. घरची सांपत्तिक स्थिती व मुलाची बुद्धी हिशेबात धरूनही हा फरक उरला. ४५व्या वर्षी पाहता, संयमी मुलांचे शरीर सावकाश थकत होते आणि चालही अधिक भरभर होती.

असे का व्हावे? स्वतःला आवर घालू न शकणाऱ्या मुलांपैकी अधिक जण पंधराव्या वर्षापर्यंत धूम्रपान करू लागले, शाळा अर्धवट सोडून बसले. एक चूक दुसरीला हात देते. गावोगावी तंबाखूची पहिली चिमूटही बहुधा याच वयात तोंडात जाते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण कायद्याने पुडी बंद केली म्हणून हात आपोआप आवरत नाही.

यास्तव पोराला बोल लावण्याआधी वडीलधाऱ्यांनी विचार करावा. तंबाखू आणायला मुलाला दुकानी धाडणारे घर त्याला संयमाचा कोणता धडा देणार? पंगतीत सर्वांना वाढून होईपर्यंत थांबणे, ठरल्या वेळी उठणे, हाती आलेल्या पैशातले थोडे मागे ठेवणे, अशा साध्या वळणांतूनच संयम अंगी मुरतो.

ज्यांचे तारुण्य निसटले त्यांनीही निराश होऊ नये. ज्या मुलांचा संयम पुढे वाढला, त्यांचे मोठेपणी अपेक्षेहून बरे झाले, हेही त्याच पाहणीत दिसले. वास्तूसारखा माणसाचाही जीर्णोद्धार होतो. मात्र गळू लागताच कौल बदलले तर खर्च थोडा. वासे कुजल्यावर तो फार.

ग्रामदेवता सर्वांस सुबुद्धी व निरोगी दीर्घायुष्य देवो.